कोबीची भावकी

गार्लंडकाका टिझर्ड माणसांचे दोनच प्रकार मानतात. ज्यांच्या घरी रविवारी स्वतःच्या बागेतला कोबी शिजतो ती माणसं, आणि मी.

मी क्लेटन हाइन्स. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवायची सरकारी गाडी चालवतो आणि उन्हाळ्यात, माझी बायको डोरीन म्हणते त्याप्रमाणे, पुढच्या हिवाळ्याची वाट बघतो. गार्लंडकाका माझे सख्खे काका नाहीत. ज्याचे केस पांढरे झाले त्याला काका म्हणायचं, अशी आमच्या हंग्री कोव्ह गावाची रीत आहे. परवा पेट्रोल पंपावरच्या मुलीने मलाच काका म्हणून हाक मारली, तेव्हापासून ही रीत मला पूर्वीइतकी पसंत नाही.

आमच्या न्यूफाउंडलंड बेटावर माणसाने घर बांधावं ते खडकावर आणि बाग करावी ती रस्त्याकडेला. घराभोवती माती असेल तर ती शेजाऱ्याच्या घराभोवती, असं इथले सगळेच शेजारी एकमेकांबद्दल समजतात. हमरस्ता झाला तेव्हा बुलडोझरने खरवडलेली काळी माती कडेला पडून राहिली, आणि गावाने जुनी मासेमारीची जाळी आणि मोडक्या पलंगांची डोकी उभी करून तिच्यात बागा आखल्या. जागा कुणाच्या नावावर नाही. जो कसेल त्याची. एखाद्याने एक वर्ष बाग पडीक ठेवली तर लोक चौकशी करतात, बरं नाही का म्हणून. दुसऱ्या वर्षीही पडीक दिसली तर चौकशी करत नाहीत. सरळ कुंपण बाजूला करून आपले बटाटे लावतात. आणि ज्याची बाग गेली त्याच्याकडे लोक त्यानंतर जरा हळू आवाजात बोलायला लागतात.

काकांची बाग रस्त्याच्या अल्याड, माझी पल्याड. दोन्ही त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. त्यांची बाग बघायला शेजारच्या गावातून माणसं यायची. माझीही बघायची, पण ती परत जाताना, गाडीचा वेग कमी न करता.

काका जन्मभर कॉड माशाच्या मागे समुद्रात गेले. वडिलांबरोबर गेले, भावाबरोबर गेले, मग आपल्या दोन मुलांना घेऊन गेले. एके वर्षी सरकारने सांगितलं, कॉड संपला, आता होड्या वर काढा. गावातल्या सगळ्याच पुरुषांच्या हातांना काही काम उरलं नाही. कुणी दारू धरली, कुणी नोकरीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या अल्बर्टाचं विमान धरलं. काकांची दोन्ही मुलं अल्बर्टाला गेली ती तिथलीच झाली. काका मात्र खिडकीत बसले. दिवसच्या दिवस बसले. तेव्हा त्यांच्या बायकोने, फीनाकाकूंनी, त्यांच्या हातात कोबीची रोपं दिली आणि म्हणाल्या, "जा, ही लावून ये. नाहीतर मी तुलाच लावते." काका गेले, आणि संध्याकाळी परत आले ते कोबीचे होऊनच.

तेव्हापासून त्यांनी बागेत जे केलं ते समुद्रात केल्यासारखंच केलं. वाऱ्याचा अंदाज घेतला, जुन्या लोकांना विचारलं, आणि कुणाचंच ऐकलं नाही. जूनच्या शेवटी केपलिन मासे किनाऱ्यावर येऊन पडायला लागले की गावातला पहिला बादलीवाला माणूस म्हणजे काका. ते मासे खत म्हणून ओळींमधे पुरायचे. मग पंधरवडाभर हमरस्त्यावरून जाणारी माणसं गाडीच्या काचा वर करायची, आणि काका कुंपणाशी उभे राहून छातीभर श्वास घ्यायचे.

पण काकांची खरी कीर्ती झाली ती पिकांच्या फेरपालटीमुळे.

झालं असं की चर्चच्या हॉलमध्ये सामुदायिक जेवण होतं. आमच्याकडे असलं जेवण म्हणजे रविवारचंच जेवण, फक्त पातेलं मोठं. खारं गोमांस, बटाटा, सलगम, कोबी, गाजर आणि कापडात बांधून उकडलेल्या वाटाण्याच्या डाळीचा गोळा. सगळं एकाच पाण्यात शिजतं. त्यामुळे कोणत्याही भाजीला दुसरीपासून काही लपवता येत नाही. काकांच्या ताटात हे सगळं आलं, काकांनी काटा उचलला, आणि एकदम हात तसाच वर राहिला.

"बघा रे!" ते ओरडले. "बागच आहे ही!"

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो.

"बटाटा बाराला. सलगम तीनला. कोबी सहाला. गाजर नऊला. झाले का चार वाफे? मधे मांस, ती झाली वाट. आता दरवर्षी सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यासारखं एकेक घर पुढे सरकायचं. बटाटा सलगमाच्या घरी, सलगम कोबीच्या घरी, कोबी गाजराच्या. जमिनीला रोज तोच पाहुणा नको. जमीन कंटाळते, लेकांनो!"

"आणि डाळीचा गोळा?" मी विचारलं.

"तो तू," काका म्हणाले.

हॉल हसला. मीही हसलो, कारण माझ्या तोंडात तो गोळाच होता. पण त्या दिवसापासून हंग्री कोव्हमध्ये 'ताटाप्रमाणे' हा शब्द रूढ झाला. "तुमची बाग कशी?" "ताटाप्रमाणे." पुस्तकांची गरज उरली नाही. रविवारी जेवायला बसलं की पुढच्या वर्षाची आखणी समोर वाफाळत असे.

मीही ताटाप्रमाणे करणार होतो. अडचण अशी की मी काकांच्या समोर बसलो होतो. त्यांचा बाराचा बटाटा मला सहाला दिसला आणि त्यांचं नऊचं गाजर तीनला. घरी येऊन मी बागेत उभा राहिलो, मग कुंपणाबाहेर जाऊन समोरून उभा राहिलो, मान वाकडी करून पाहिली, आणि शेवटी चारही वाफ्यांत बटाटे लावले. सगळीकडे बटाटाच असला की ताट कुठूनही बघा, सरळच दिसतं. ही पद्धत मला इतकी मानवली की पुढे मी ती बदलली नाही. जमिनीला मात्र मानवली नाही. माझ्या बटाट्यांना खरूज झाली. गोल, गुळगुळीत बटाटा निघायचा तिथे काळ्या खपल्यांचे, बेडकाच्या पाठीसारखे बटाटे निघायला लागले. डोरीन पहिला बटाटा हातात घेऊन विचारायची, "याला सोलायचं की याची दाढी करायची?"

काकांना हे दिसत होतं आणि ते मला एका शब्दाने बोलत नव्हते. बोलायची गरजच काय? ते पाहुण्यांना आपली बाग दाखवायचे आणि मग नुसतं रस्त्यापलीकडे बोट करायचे.

अशी बरीच वर्षं गेली आणि मग गेल्या उन्हाळ्यात काकांचा कोबी मान टाकायला लागला.

दुपारी ऊन पडलं की पानं लुळी पडायची, संध्याकाळी पुन्हा उभी राहायची, जणू दिवसभर आजारी असल्याचं सोंग करून रात्री नाचायला जाणारी पोरं. पानांवर निळसर झाक आली. गड्डे मुठीएवढेच राहिले. काकांनी आधी मूस नावाच्या दांडग्या रानहरणांना दोष दिला, मग अळ्यांना, मग अल्बर्टाला. एवढं झाल्यावर त्यांची नजर माझ्या घराकडे वळली.

"हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ कोण टाकतं रे, क्लेट?"

"सरकार टाकतं, काका."

"आणि सरकारची गाडी कोण चालवतं?"

"काका, मीठ मी दोन्ही बाजूंना टाकतो. मग माझे बटाटे का..." आणि इथे मला माझे बटाटे आठवले.

"हां," काका म्हणाले. "तेच म्हणतो मी."

गावात बातमी पसरायला चहा गार होण्याएवढाही वेळ लागत नाही. क्लेटनने मीठ घालून गार्लंडकाकांचा कोबी मारला. दुकानात लोक मला बघून मिठाच्या पिशव्या मागे सरकवायला लागले. डोरीनसुद्धा एकदा माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "तू मीठ जरा जास्तच टाकतोस हो. सुपातसुद्धा."

पानगळीत काकांनी गड्डे उपटले, तेव्हा मी कुंपणाशी उभा होतो. आत यायला मला बंदी होती. पहिलं झाड वर आलं तशा फीनाकाकूही जवळ आल्या. मुळं नव्हतीच. मुळांच्या जागी सुजलेल्या, गाठाळ, वाकड्यातिकड्या बोटांचा झुबका होता.

फीनाकाकूंनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "गार्लंड, हे तर अगदी तुझ्या हातांसारखं आहे."

काका हसले नाहीत. त्यांनी दुसरं झाड उपटलं. तिसरं उपटलं. मग सलगमाच्या वाफ्यात गेले. तिथेही तेच. बागेच्या चारही वाफ्यांतून सलगम आणि कोबी फिरून आले होते आणि जाताना प्रत्येक ठिकाणी आजार ठेवून गेले होते. पण हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत?

ते कळलं ते मी माझं नाव स्वच्छ करायला गेलो म्हणून. शनिवारी सकाळी रेडिओवर बागकामाचा कार्यक्रम असतो. लोक फोन करतात आणि फजबाई म्हणून एक बाई उत्तरं देतात. सगळं बेट ऐकतं. मी ठरवलं, फजबाईंच्याच तोंडून वदवून घ्यायचं की मिठाने असं होत नाही. फक्त काकांचं नाव निघायला नको आणि माझंही नको. म्हणून मी घसा बसल्यासारखा आवाज काढला.

"माझा एक मित्र आहे," मी म्हटलं.

"बरं. कुठून बोलताय?"

"दुसऱ्या एका गावातून."

"अस्सं. काय झालंय मित्राला?"

"त्याच्या कोबीच्या मुळांना गाठी आल्यात. असं रस्त्यावरच्या मिठाने होऊ शकतं का? नाही ना?"

"मीठ नाही हो ते. त्या वाफ्यात कोबीनंतर काय लावतो तुमचा मित्र?"

"सलगम. ताटाप्रमाणे."

"कशाप्रमाणे?"

मी त्यांना ताट समजावून सांगितलं. बारा, तीन, सहा, नऊ. फोनवर थोडा वेळ नुसतीच खरखर ऐकू आली. नंतर मला सांगण्यात आलं की ती खरखर नव्हती, फजबाई हसू दाबत होत्या.

"म्हणजे कोबी उठला की त्याच जागेवर सलगम बसतो," त्या म्हणाल्या.

"हो. जमिनीला बदल!"

"अहो, बदल कसला? भाऊ उठला आणि चुलतभाऊ बसला. कोबी आणि सलगम एकाच भावकीतले. मुळा, मोहरी, सगळी तीच भावकी. एकाचा रोग तो दुसऱ्याचा रोग. तुमच्या मित्राने दरवर्षी त्या रोगाला घरपोच जेवण दिलंय."

"मग आता?"

"चुना मारा. आणि सात वर्षं त्या मातीत या भावकीतलं कुणीही नको. बटाटे, गाजरं खुशाल लावा. त्यांना तो रोग होत नाही. आणि तिथली माती बुटाला किंवा फावड्याला लागून दुसऱ्या बागेत जाऊ देऊ नका. रोग तसाच पसरतो."

मी आभार मानणार एवढ्यात मागून डोरीनने हाक मारली, "क्लेटन! चहा घे रे!"

"घ्या, क्लेटन," फजबाई म्हणाल्या. "गार होईल."

मी फोन ठेवला तेव्हा काही सेकंद मागून बोलणाऱ्या आमच्याच रेडिओवरून त्या पुन्हा एकदा मला चहा घ्यायला सांगत होत्या, आणि बेटावरची तमाम जनता ते ऐकत होती.

दुपारी काकांकडे गेलो. न जाऊन भागणार नव्हतं. काका टेबलाशी बसले होते, फीनाकाकू पाव कापत होत्या.

"ये, दुसऱ्या गावच्या पाहुण्या," काकू म्हणाल्या. "घसा कसा आहे तुझा?"

काका मात्र माझ्याशी बोलतच नव्हते. ते हवेशी बोलत होते. "सलगम आणि कोबी भावकीतले म्हणे! अरे, चेहरे तरी बघा दोघांचे. एक हिरवागार, छाती फुगवून उन्हात बसलेला. आणि एक पिवळा, कायम जमिनीत तोंड खुपसून. काही ताळमेळ?"

"तू आणि तुझा भाऊ एबेनेझर तरी कुठे एकमेकांसारखे दिसता?" काकू म्हणाल्या.

 एबेनेझर खरोखरच पिवळा आहे.

मग काकांचा आवाज उतरला. "सात वर्षं," म्हणाले. "सात वर्षांनी मी कुठे असेन, ठाऊक आहे? तिथेच. मातीत. लावा मग खुशाल कोबी माझ्यावर." आणि खुर्ची फिरवून त्यांनी तोंड खिडकीकडे केलं.

मला वाटलं होतं, आठवडाभर रुसतील. ते हिवाळाभर रुसले. मी बर्फाची गाडी घेऊन त्यांच्या घरावरून जायचो तेव्हा ते खिडकीत असायचे. पूर्वी मूठ उगारायचे, मी त्यांच्या दारात बर्फाचा ढीग लोटायचो म्हणून. यंदा मुद्दाम दुप्पट ढीग लोटला तरी मूठ वर आली नाही. मार्चमध्ये त्या खिडकीत दरवर्षी रिकाम्या डब्यांमधून कोबीची रोपं उभी राहायची. यंदा तिथे फक्त काका होते.

मग एका रविवारी मी मोठ्या मनाने दुकानातून कोबी आणला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"कोबी."

"कुणाचा?"

"दुकानातला."

"ते कळलं. याचे आईबाप कोण? कुठल्या मातीतला? कोणी वाढवलाय याला?" त्यांनी गड्डा कानाशी धरून ठोठावला. "रिकामा आहे. तुझ्याच भावकीतला दिसतोय."

जरा बरं वाटलं मला. पण त्यांनी त्याला हात लावला नाही, आणि काकूंनी तो शेवटी मूससाठी मागच्या दारी ठेवला. मूसने बटाट्याची सालं खाल्ली आणि कोबी ठेवला.

मे महिन्यात फीनाकाकू आमच्याकडे आल्या. चहाला नको म्हणाल्या, तेव्हाच डोरीनने माझ्याकडे पाहिलं.

"त्याने बागेचे बूट आत आणलेत," काकू म्हणाल्या. "पॉलिश केलंय त्यांना."

"बागेच्या बुटांना पॉलिश?"

"म्हणाला, चांगले आहेत अजून, कुणाच्या तरी पायाला होतील." त्यांनी रुमाल काढला, पण नाक पुसायला नव्हे, नुसता हातात धरायला. "कॉड बंद झाला तेव्हा तो असाच बसला होता रे, क्लेट. तेव्हा मी त्याच्या हातात कोबी दिला. आता काय देऊ? या वर्षी बाग पडीक राहिली तर पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी येईल. आणि तो खिडकीतून त्याला बघत बसेल. तेवढं बघून झालं की मग तो काय बघायला थांबेल?"

त्या गेल्यावर मी दार लावलं. डोरीन बटाटे सोलायला बसली. एक खपल्यांचा बटाटा तिने हातात फिरवला आणि विचारलं, "तुझ्या बागेत कोबी कधी होता का रे?"

"कधीच नाही."

"सलगम?"

"मी माणूस आहे. बैल नाही."

"मुळा? मोहरी?"

"डोरीन, माझ्या बागेत बटाट्याशिवाय जे काही आहे ते दगड आहेत."

"आणि काकांच्या बागेतून तुझ्या बागेत गेलास कधी? त्याच बुटांनी?"

हा प्रश्न सोपा होता. काका मला आत येऊ देत नसत. आणि माझे बूटही माझ्या बागेत वर्षातून दोनदाच जात, एकदा लावायला आणि एकदा काढायला.

"मग तुझी बाग स्वच्छ आहे," डोरीन म्हणाली.

लग्न झाल्यापासून माझं काहीतरी स्वच्छ आहे असं डोरीन पहिल्यांदाच म्हणत होती. मी तो क्षण थोडा लांबवला. मग तिने समजावून सांगितलं, कारण माझ्या डोक्यात ते शिरायला वेळ लागत होता. काकांची माती कोबीला विटली आहे, माझी बटाट्याला. काकांच्या मातीत बटाटे चालतात, माझ्या मातीत कोबी. दोन्ही बागांनी माणसं बदलायची. पिकांऐवजी आम्ही दोघांनी एकेक घर सरकायचं.

मी धावत काकांकडे गेलो. धावत म्हणजे माझ्या वेगाने.

"हाइन्सच्या मातीत टिझर्डचा कोबी?" काका म्हणाले. "आणि लोक विचारतील तेव्हा काय सांगू? भाड्याने राहतो?"

"भाडं नाही हो, काका."

"तेच तर! फुकट राहतो म्हणून सांगू? जा, लेका. तुझे बेडूक पिकव तू."

मला राग आला. मी म्हटलं, मग मीच लावतो कोबी, आणि गड्डे आणून देतो तुम्हाला. डोरीनने नर्सरीतून रोपं आणली होती, ती घेऊन मी दुसऱ्या दिवशी धुक्यात माझ्या बागेत शिरलो. इथे मला असं सांगायला आवडलं असतं की मी मुद्दाम वाईट लावत होतो, काकांनी खिडकीतून बघावं आणि त्यांच्याने राहवू नये म्हणून. गावात मी तसंच सांगतो. पण खरं म्हणजे मी मनापासून, जीव ओतून, मला जमेल तितकं उत्तम लावत होतो.

पहिली ओळ पूर्ण झाली तेव्हा रस्त्यापलीकडे दार आपटल्याचा आवाज आला. काका घरातल्या सपाता घालून, ओरडत, रस्ता ओलांडत होते. मागून फीनाकाकू बूट हातात घेऊन येत होत्या.

"अरे, एकमेकांच्या मांडीवर बसवलीस ती सगळी! कोबी आहे तो, चर्चचा बाक नाही! आणि ते शेवटचं काय केलंस? त्याचं डोकं खाली गेलंय!"

"कुठलं डोकं, काका?"

"देवा!" काका म्हणाले. त्यांनी काकूंच्या हातातून बूट ओढून घेतले, एक पाय घातला, आणि कुंपणाशी येऊन थबकले. बुटाच्या तळव्याकडे पाहिलं. वरून आरशासारखं पॉलिश, आणि खाली खाचांमधे त्यांच्या बागेतली काळी माती.

मग त्यांनी बूट काढला. दोन्ही बूट रस्त्याच्या त्यांच्या बाजूला ठेवून आले, सपाता काढून काकूंकडे दिल्या, आणि मोज्यांवर माझ्या फाटकाशी उभे राहिले.

"तुझे बूट काढ," ते म्हणाले.

"मग मी?"

"तुला बूट कशाला हवेत? तू काय करतोयस इथे?"

मी बूट काढून दिले. ते त्यांना दोन बोटं मोठे झाले. मी ओल्या मातीत मोज्यांवर उभा राहिलो आणि थंडी पायांतून वर चढत थेट मेंदूपर्यंत आली. तिथे तिला फार अडथळा झाला नसावा. काकांनी माझं फावडं उचललं. त्याच्या दांड्यावर दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं होतं. ते लेबल त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

"माझं फावडं बापाचं आहे," ते हळूच म्हणाले. "ते इकडे आणता येणार नाही ना?"

"नाही, काका. माती."

"हं." त्यांनी लेबल नखाने खरवडून काढलं. मग माझी सगळी ओळ उपटली आणि पुन्हा लावायला घेतली. हातभर अंतर, मुठीने माती दाबलेली, प्रत्येक रोप जहाजावर ओळीने उभं राहिल्यासारखं. एकाही रोपाला ते बोलल्याशिवाय पुढे गेले नाहीत. पोरकं असलं तरी वाढायचं, इथली माती आळशी आहे पण वाईट नाही, मालकाकडे लक्ष द्यायचं नाही, असं काहीबाही सांगत होते. डोरीन आणि फीनाकाकू कुंपणात उभ्या केलेल्या पलंगाला टेकून उभ्या होत्या. काकूंनी सपाता छातीशी धरल्या होत्या.

वाफा पूर्ण करून काका ताठ उभे राहिले, पाठ चोळली.

"तू माझ्याकडे बटाटे लाव," मला म्हणाले. "चारही वाफ्यांत लावशील तर तंगडं मोडीन. दोनात बटाटे, दोनात गाजरं, आणि दरवर्षी अदलाबदल. फावडं माझं घे. तिकडचं तिकडेच ठेवायचं. मुठीला लोणी लावायचं, दांडा वाळतो नाहीतर. चुना दर पानगळीला. कुंपणाच्या जाळ्याची गाठ सुटली की त्याच दिवशी बांधायची, तुझ्या सवयीप्रमाणे पुढच्या वर्षी नाही."

"हो, काका."

"आणि सात वर्षं झाली की माझी बाग मला परत. होती तशी नको. होती त्याहून बरी."

 काकूंच्या हातातली एक सपात खाली पडली होती आणि ती त्या उचलत नव्हत्या.

"परत, काका," मी म्हटलं. "सात वर्षांनी."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. टक्कल, लाल नाक, पोट, पोटाखाली चिखलात रुतलेले मोजे. पोटाशी त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"तू टिकशील का रे तोपर्यंत?"

"मी?"

"त्याची हमी मी देत नाही, काका," डोरीन म्हणाली.

"मलाही नाही वाटत," काका म्हणाले आणि फावडं माझ्या हातात दिलं. "चल. तो दुसरा वाफा खण. रोज एक खणायचा. मला बाग परत द्यायला कुणीतरी जिवंत हवं."